हवा कमी होती, हे ठाऊक होतं
जेद्दा, ११ जुलै १९९१ : दोन टायर आणि २६१ माणसांच्या मृत्यूचा घटनाक्रम

११ जुलै १९९१. सकाळी ८ वाजून ३८ मिनिटांनी सौदी अरेबियातल्या जेद्दा विमानतळाच्या धावपट्टीपासून २,८७५ मीटर अलीकडे एक डीसी-८ विमान कोसळलं. आत हज आटोपून नायजेरियातल्या सोकोतो शहराकडे परतणारे २४७ यात्रेकरू होते आणि १४ कॅनेडियन कर्मचारी. कुणीही वाचलं नाही. डीसी-८ जातीच्या विमानाचा इतका मोठा अपघात त्याआधी झाला नव्हता, त्यानंतरही झाला नाही.

या अपघाताच्या मुळाशी घातपात नव्हता, वादळही नव्हतं. दोन टायरांत हवा कमी होती आणि ती कमी आहे हे विमान उडण्याआधीच माणसांना माहीत होतं. म्हणून या घटनाक्रमाची सुरुवात धावपट्टीवरून करता येत नाही. थोडं मागे जावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारावा लागतो: इथे थांबायला किती किंमत मोजावी लागली असती?

आदले दिवस : गेजवरचा आकडा

विमान कॅनडातल्या नोलिसएअर कंपनीचं. ही कंपनी नेशनएअर या नावाने ओळखली जायची. हजच्या हंगामासाठी तिने हे विमान वैमानिकांसह नायजेरिया एअरवेजच्या कामाला दिलं होतं. यात्रेकरूंना आणायचं, परत सोडायचं, पुन्हा आणायचं. हंगामी कामात वेळापत्रक घट्ट असतं आणि एक फेरी लांबली की पुढच्या सगळ्या लांबतात.

डीसी-८च्या दोन मुख्य पायांवर प्रत्येकी चार चाकं असतात. पुढच्या आसावर डावीकडून मोजलं तर एक आणि दोन क्रमांकाची चाकं डाव्या पायाची, तीन आणि चार क्रमांकाची उजव्या पायाची. दोन आणि चार क्रमांकाच्या टायरमधला दाब उड्डाणासाठी ठरवलेल्या किमान मर्यादेच्या खाली गेला होता. मुख्य मेकॅनिकच्या ते लक्षात आलं होतं.

नुसत्या डोळ्यांनी हे कळलं नसतं. जोडीच्या टायरांपैकी एकात हवा कमी झाली तरी शेजारचा टायर आसाला उचलून धरतो, त्यामुळे कमी हवेचा टायर दबलेला दिसत नाही. तो कमी आहे हे फक्त गेज सांगतो. इथे गेजने सांगितलं होतं आणि माणसाने वाचलंही होतं.

या घडीला थांबण्याची किंमत होती थोडा वेळ आणि नायट्रोजनचा एक सिलिंडर.

११ जुलैची सकाळ, आठच्या आधी : नायट्रोजन मिळत नाही

विमानाच्या टायरमध्ये साधी हवा भरत नाहीत. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीचं बोईंग ७२७ विमान हवेत पेटून कोसळलं आणि १६७ माणसं गेली. तापलेल्या ब्रेकमुळे चाकाच्या खणात टायरचा स्फोट झाला होता आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी हवा भरलेली होती. हवेत प्राणवायू असतो, तापलेल्या रबराच्या सान्निध्यात तो आगीला आमंत्रण देतो. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांसाठी नायट्रोजन सक्तीचा झाला.

जेद्दात मुख्य मेकॅनिकने टायर भरून घ्यायचा प्रयत्न केला, पण नायट्रोजन लगेच हाताशी नव्हता. तो शोधायचा म्हणजे उशीर. या मोहिमेच्या प्रकल्प व्यवस्थापकाला तो उशीर नको होता. टायर न भरताच विमान उड्डाणासाठी तयार करण्यात आलं आणि कागदावर ते योग्य असल्याची सही झाली.

सौदी अरेबियाच्या तपासात पुढे आलेली गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. निर्णय घेणाऱ्या व्यवस्थापकाकडे हा निर्णय घेण्यासाठी लागणारं तांत्रिक प्रशिक्षणच नव्हतं. हवा कमी असल्याचं ज्या इतरांना माहीत होतं, त्यांना त्यातला धोका पुरेसा माहीत नव्हता. म्हणून मेकॅनिकचं म्हणणं कुणी लावून धरलं नाही. आणि ज्याच्या जबाबदारीवर विमान उडणार होतं त्या कॅप्टनला विमान या अवस्थेत आहे याची कल्पनाच नव्हती.

थांबण्याची किंमत अजूनही एवढीच होती: उशीर, आणि खोळंबलेल्या प्रवाशांचा राग.

आठनंतर : टॅक्सी

विमान जागेवरून हलतं आणि धावपट्टीच्या टोकाकडे निघतं. जुलैतली जेद्दा, पोटात लांब पल्ल्याचं इंधन, २६१ माणसं आणि त्यांचं सामान.

आता टायरमध्ये काय घडतं ते पाहू. वाहनाचं ओझं रबर पेलत नाही, आत कोंडलेला दाब पेलतो. दाब कमी पडला की जमिनीला टेकणारा भाग जास्त चपटा होतो आणि टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. लोखंडी तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलं की ती जागा तापते, तसंच इथे होतं. रबर उष्णता पटकन बाहेर सोडत नाही, त्यामुळे ती आतल्या थरांमध्ये साचत जाते. थर एकमेकांना धरून ठेवणारी पकड सैल होते. बाहेरून टायर जसाच्या तसा दिसतो.

जेद्दातल्या टायरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. दोन क्रमांकाचा टायर आपल्या वाट्याचं ओझं पेलू शकत नव्हता, म्हणून ते ओझं त्याच आसावरच्या एक क्रमांकाच्या टायरवर गेलं. एक क्रमांकाचा टायर मर्यादेबाहेर दबला, तापला आणि आतून कमकुवत झाला. शेजाऱ्याचं ओझं उचलल्यामुळे तो मोडकळीला आला.

विमानाच्या देखभालीत यासाठीच एक पद्धत रूढ आहे. टायरचा दाब ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली गेलेला आढळला, तर तो टायर काढतातच, शिवाय त्याच आसावरचा त्याचा जोडीदारही काढतात. जोडीदार वरून धडधाकट दिसत असला तरी त्याने काय सोसलं आहे ते बाहेरून कळत नाही.

इथे थांबायचं तर विमान परत जागेवर न्यावं लागलं असतं. पण थांबायला हवं हे कॉकपिटमध्ये कुणाला माहीतच नव्हतं.

८.२८ : धावपट्टी. अजून दहा मिनिटं

इंजिनांचा जोर वाढतो आणि विमान धावू लागतं. सहवैमानिक विमान चालवतो आहे. वेग अजून फारसा नाही, तेवढ्यात एक क्रमांकाचा टायर फुटतो. पाठोपाठ दोन क्रमांकाचा जातो.

कॉकपिटमध्ये आवाज ऐकू येतो. हे काय झालं, अशी विचारणा होते. टायर बसला असेल का, हा प्रश्नही तिथेच उच्चारला जातो. म्हणजे अंदाज बरोबर होता. विमानात थरथर जाणवते. कॅप्टन सहवैमानिकाला विचारतो, पाय ब्रेकवर तर नाही ना? नाही, असं उत्तर येतं.

टायर फुटला म्हणून उड्डाण रद्द करावं, असं त्या काळच्या कार्यपद्धतीत सांगितलेलं नव्हतं. वेगात असलेलं जड विमान फुटक्या टायरांवर थांबवणं हाही मोठा धोका असतो. त्यामुळे उड्डाण चालू ठेवण्याच्या निर्णयाला बेफिकिरी म्हणता येत नाही. जी माहिती कॅप्टनकडे असायला हवी होती, ती त्याच्याकडे नव्हती. दोन टायर आधीपासून कमी हवेवर धावत आहेत हे ठाऊक असतं, तर त्या आवाजाचा अर्थ वेगळा लागला असता.

खाली दोन क्रमांकाचं चाक फिरायचं थांबलं आहे. ते का थांबलं हे तपासातही निश्चित होऊ शकलं नाही. न फिरणारं चाक धावपट्टीवर घासत जातं. घर्षणाने धातू तापतो, टायरचे उरलेले तुकडे पेटतात, आणि ही आग आता आपली आपण जळत राहील एवढी मोठी होते.

८.२९ : चाकं आत

विमान जमीन सोडतं. प्रत्येक उड्डाणात होतं तेच पुढे होतं आणि चाकं पोटात ओढून घेतली जातात. त्यांच्याबरोबर जळणारं रबर विमानाच्या आत येतं.

चाकांच्या खणातून हायड्रॉलिकच्या नळ्या जातात, विजेच्या तारा जातात. जवळच मधली इंधनटाकी आहे. डीसी-८च्या या खणात आग किंवा उष्णता ओळखणारं उपकरण नव्हतं. त्यामुळे कॉकपिटमध्ये आगीचा दिवा लागला नाही, घंटा वाजली नाही.

चाकं खालीच ठेवली असती तर कदाचित हा अपघात टळला असता, असं तपासात नोंदवलं गेलं. थांबण्याची शेवटची संधी इथे होती.

८.३० ते ८.३३ : चुकीचे इशारे

पहिली तक्रार केबिनमधल्या हवेच्या दाबाची येते. मग एकामागून एक दिवे लागतात. तारा जळत आहेत, त्यामुळे काही इशारे खोटे आहेत. हायड्रॉलिकचा दाब उतरतो. वैमानिकांसमोर पाच-सहा वेगवेगळे बिघाड दिसत आहेत. त्या सगळ्यांमागे एकच कारण आहे, आणि ते कोणत्याही काट्यावर दिसत नाही.

जमिनीवरही गोंधळ होतो. कॅप्टन विमानाचं नाव सांगताना ‘नायजेरियन’ऐवजी ‘नेशनएअर कॅनडा’ म्हणतो. त्याच सुमारास केबिनच्या दाबाची तक्रार असलेलं एक सौदी विमानही परतत असतं. नियंत्रक दोघांत गल्लत करतो आणि सुमारे तीन मिनिटं ती गल्लत चालू राहते. अपघात यामुळे घडला नाही, पण संकट आलं की साध्या गोष्टीही कशा निसटत जातात ते यातून दिसतं.

मग केबिनमधली कर्मचारी कॉकपिटमध्ये धावत येते. मागे धूर आहे, खूप धूर आहे, हे तिच्याकडून कळतं. काय चाललं आहे याची खरी बातमी कॉकपिटला मिळाली ती उपकरणाकडून नाही, माणसाकडून.

थोड्याच वेळात सहवैमानिकाच्या हातातली नियंत्रणं काम करेनाशी होतात. कॅप्टन विमान आपल्या हाती घेतो. त्यानंतर कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण बंद पडतं.

८.३३ ते ८.३८ : परतीची पाच मिनिटं

आता जे कळतं ते फक्त नियंत्रकाशी झालेल्या बोलण्यातून आणि जमिनीवर सापडलेल्या खुणांतून. कॅप्टनने आणीबाणी जाहीर केली आहे, विमान पेटलं आहे आणि ते परत येत आहे. हायड्रॉलिक गेलेलं, विद्युतयंत्रणा जळत असलेली अशा अवस्थेत त्याने ते धावपट्टीच्या दिशेने आणलं. त्या वैमानिकांनी शेवटपर्यंत हार मानली नाही, हे लिहून ठेवायलाच हवं.

पण आग खालून केबिनच्या तळापर्यंत पोहोचली होती. धावपट्टी सुमारे १८ किलोमीटर दूर असताना जळून गेलेल्या तळातून माणसं खाली पडू लागली.

८.३८

विमानतळ समोर आहे. विमान मोडतं आणि जमिनीवर आदळतं.

त्यानंतर : तपास काय सांगतो

चौकशीत सापडलेली साखळी सरळ आहे. हवा कमी, म्हणून ओझं शेजाऱ्यावर. ओझं जास्त, म्हणून उष्णता. उष्णतेने कमकुवत झालेला टायर फुटला, चाक अडकलं, घासलं, पेटलं. पेटलेलं चाक आत घेतलं गेलं. या साखळीतली पहिली कडी जोडली गेली ती विमान उभं असताना, इंजिनं बंद असताना, कुणाचाही जीव धोक्यात नसताना.

माझं म्हणणं याच कडीबद्दल आहे. टायरची काळजी घ्या, हे आपण सगळे ऐकतो आणि मान डोलावतो. जेद्दात ज्ञान होतं, गेज होता, आकडा होता, तो आकडा वाचणारा माणूस होता. त्या माणसाच्या शब्दाला विमान थांबवण्याइतकं वजन नव्हतं. टायरमुळे होणाऱ्या अपघातांकडे नुसत्या रबराच्या नजरेने पाहून भागणार नाही ते यामुळे.

आपल्या रस्त्यांवर

विमानाच्या टायरातला दाब २०० पीएसआयच्या आसपास असतो, ट्रक-बसच्या टायरातला १०० ते १२०, मोटारीच्या टायरातला ३० ते ३५. आकडे वेगळे आहेत, नियम एकच. ट्रकच्या, एसटीच्या आणि ट्रॅव्हल्सच्या बसच्या मागच्या आसावर जोडीने टायर असतात आणि जेद्दात जे घडलं त्याची पहिली पायरी तिथे रोज घडू शकते. आतल्या टायरात हवा कमी झाली की बाहेरचा टायर दोघांचं ओझं वाहतो. आतला टायर दिसत नाही, त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचायला त्रास होतो, म्हणून त्याची तपासणी टळते. क्लीनर टॉमीने टायर ठोकून पाहतो. पूर्ण बसलेला टायर त्या आवाजावरून कळेल, पण वीस टक्के हवा कमी असलेला टायर कळणार नाही. जोडीतल्या दोन्ही टायरांना गेज लावणं, हाच एक मार्ग आहे.

एकदा कमी हवेवर दूरवर पळालेल्या टायरात पुन्हा हवा भरली म्हणजे तो बरा होत नाही. ट्रकचा टायर ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चालला असेल, तर तो रिमवरून उतरवून आतून तपासायला हवा. आतल्या पोलादी तारा थकलेल्या असतील तर हवा भरतानाच टायरची बाजू फाटते आणि समोर बसलेल्या पंक्चरवाल्याचा जीव जातो. मोठ्या टायरात हवा भरताना लोखंडी पिंजरा वापरायचा तो यासाठी. हमरस्त्यावरच्या किती दुकानांत तो दिसतो, हे ट्रकमालकांनी स्वतः जाऊन पाहावं.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि मोटारींना तिथे १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. काँक्रीटचा रस्ता, विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा, तासन् तास एकाच वेगाने पळणारी गाडी. गावातल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर मधूनमधून थंड होतो, इथे त्याला तशी उसंत मिळत नाही. २०२३ मध्ये परिवहन विभागाने या महामार्गावर टायर तपासणीची मोहीम सुरू केली आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडवल्या, ते योग्यच होतं. पण तपासणीच्या नाक्यावर मुख्यतः झीज दिसते, हवा दिसत नाही. ती पाहण्याची जबाबदारी निघणाऱ्याचीच.

ही जबाबदारी पार पाडायला फार काही लागत नाही. एक चांगला गेज विकत घ्या. महिन्यातून एकदा, आणि लांब पल्ल्याला निघण्यापूर्वी प्रत्येक वेळी, गाडी तीन तास उभी असताना हवा तपासा. चालून आलेल्या टायरातला दाब उष्णतेने वाढलेला असतो, तो पाहून हवा सोडू नका. योग्य दाब चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो तुमच्या गाडीचा दाब नव्हे. गाडीत सामान आणि माणसं पूर्ण भरली असतील तर त्याच चौकटीवर त्यासाठी वेगळा दाब दिलेला असतो. स्टेपनी विसरू नका. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद आहे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायरला बाजूने फुगा आला असेल, चीर गेली असेल, तर त्यावर एक किलोमीटरही जाऊ नका.

स्वतःची गाडी असेल तर एवढं पुरेसं आहे, कारण गेज पाहणारा आणि चावी फिरवणारा माणूस एकच असतो. जिथे हे दोघे वेगळे आहेत तिथे खरा प्रश्न आहे. शाळेच्या बस, कारखान्यांच्या गाड्या, लग्नाच्या वऱ्हाडासाठी ठरवलेल्या बस, रात्रभर पळणाऱ्या ट्रॅव्हल्स, ऊसवाहतूक. तिथे हवा क्लीनर पाहतो, निघायची वेळ मालक ठरवतो आणि मधे चालक असतो. क्लीनर म्हणाला, ‘दादा, आतला टायर कमी वाटतोय’, तर त्या वाक्यावर गाडी थांबते का? की ‘पुढच्या पंपावर बघू’ असं उत्तर मिळतं?

प्रत्येक गाडीच्या रोजच्या नोंदवहीत सगळ्या टायरांचा मोजलेला दाब लिहिला जावा आणि तो पाहून चालकाने सही केल्याशिवाय गाडी निघू नये. आकडा कमी असेल तर गाडी न काढण्याचा अधिकार चालकाला असावा. त्यासाठी त्याचा त्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये. प्रवाशांनीही गाडी हवेसाठी अर्धा तास थांबली तर ओरडू नये. तो अर्धा तास त्यांच्याच जिवासाठी दिलेला आहे. शाळेच्या पालकसभेत बसच्या भाड्याबद्दल बोलणं होतंच, तिथेच ही नोंदवही दाखवायला सांगावी. मागणी साधी आहे, खर्च नगण्य आहे आणि ती आजपासून अमलात आणता येते.